पाताळेश्वर : जमिनीखालचं पुणं

जंगली महाराज रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या कितीतरी पुणेकरांनी पाताळेश्वर अजून आत जाऊन पाहिलेलं नाही. रस्त्यावरून दिसायला तिथे शिखर नाही, कळस नाही. वारसा फेरीत आलेली मंडळी आवारातून गप्पा मारत येतात आणि पुढची जमीन एकदम खाली गेलेली पाहून थबकतात. लेण्याचं छत आपल्या पायांच्या पातळीला आणि महादेव त्याच्याही खाली.

हे असं का, याचं उत्तर खडकात आहे. भाजे, कार्ले इथे डोंगराचा उभा कडा मिळाला, तेव्हा पाथरवट समोरून आडवे आत शिरले. भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, असा कडा नव्हता. होता तो जमिनीलगतचा काळा कातळ. मग आधी वरून खाली खोदून अंगण मोकळं करायचं, अंगणात नंदीमंडपापुरता खडक राखून ठेवायचा आणि एवढं झाल्यावर आडवं शिरून सभामंडप आणि गाभारा कोरायचा. नंदीचा तो गोल, छत्रीसारख्या छताचा मंडप म्हणजे राखलेला खडकच. त्याच्या जाडजूड चौकोनी खांबांजवळ उभं राहिलं की हे काम सुरू करणाऱ्यांच्या धीराची कमाल वाटते. एक घाव चुकला तर तो दगड पुन्हा कुठून आणणार?

घडणीवरून हे लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं मानतात. बदामीच्या चालुक्यांची सत्ता दंतिदुर्गाने मोडली आणि त्याच्यामागून त्याचा चुलता कृष्ण पहिला गादीवर आला. वेरूळचं कैलास लेणं त्याच्याच नावावर सांगतात. पुण्याच्या दृष्टीने त्याचं महत्त्व आणखी वेगळं आहे. त्याच्या इ. स. 758 आणि 768 च्या ताम्रपटांत 'पुण्यविषय' आणि 'पूनकविषय' अशी नावं येतात. 'विषय' म्हणजे राज्याचा एक प्रशासकीय विभाग. पुण्याच्या नावाचे हे सर्वांत जुने लेखी पुरावे. शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली 1732 मध्ये. लेणं त्याच्याही सुमारे हजार वर्षं आधीचं. पुण्याचा इतिहास पेशवाईपासून सुरू करणाऱ्याला मी म्हणूनच आधी इथे घेऊन येते.

पुढेही फार काळ हा भाग शहराबाहेरच राहिला. कसबा मुठेच्या एका तीरावर, भांबुर्डे दुसऱ्या. पानिपतानंतर 1761 मध्ये लकडी पूल झाला. लेण्याच्या शेजारी जंगली महाराजांची समाधी आहे. ते 1890 मध्ये समाधिस्थ झाले आणि पुढे रस्त्यालाही त्यांचंच नाव मिळालं. लेणं आज संरक्षित स्मारक असलं तरी पूजा चालू आहे. पिंडीवर ताजं बेलपान असतंच.

काम मात्र अर्धवट राहिलं. गाभाऱ्याकडे जाताना घाई करू नका, बाजूच्या भिंतीपाशी थांबा. मूर्तीसाठी नुसती चौकट आखून सोडलेली जागा दिसेल. बॅटरीचा उजेड भिंतीलगत तिरका धरला की टाकीचे घाव उठून दिसतात. एकाशेजारी एक, सगळे एकाच बाजूला कललेले.