इक्वलायझरला हात लावण्याआधी स्पीकर हलवा

'बेस घुमतोय, शब्द कळत नाहीत' अशी तक्रार आली की आम्ही आधी एकच विचारतो: स्पीकर कोपऱ्यात आहे का? बहुतेकदा असतोच. दोन भिंती आणि जमीन मिळून खालचे सूर फुगवतात. स्पीकर दोन वीत पुढे ओढा, कोपऱ्यापासून दूर करा आणि तेच गाणं पुन्हा लावा. फरक लगेच कळेल, खर्च शून्य.

दोन स्पीकर 2 मीटर अंतरावर असतील तर तुमची जागाही प्रत्येकापासून साधारण 2 मीटरवर हवी. ट्वीटर, म्हणजे तो छोटा गोल, बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. बाजूच्या भिंतीवरून कोणाला तरी आरसा सरकवायला सांगा. तुमच्या जागेवरून आरशात स्पीकर दिसला की तिथूनच आवाज उसळून कानात शिरतोय असं समजा. तिथे जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट चालतं.

बसायची जागाही तितकीच महत्त्वाची. खोली 4 मीटर लांब असेल तर 43 हर्ट्झच्या आसपासचा सूर लांबीच्या दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी दणदणतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ गायब होतो. बेस गिटारची सर्वांत जाड तार 41 हर्ट्झची, म्हणजे मध्यावर सोफा असेल तर नेमकी तीच हरवते. हा खड्डा इक्वलायझरने, म्हणजे खालचे-मधले-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायच्या सेटिंगने, भरत नाही. 10 डेसिबल वाढवायचे तर अॅम्प्लिफायरला दहापट ताकद लावावी लागते. स्पीकर धापा टाकतो, खड्डा तसाच राहतो. सोफा हातभर मागे घ्या.

एवढं झाल्यावरच इक्वलायझर उघडा, आणि वाढवण्यापेक्षा कमी करा. आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला तर 200 ते 300 हर्ट्झ दोन-तीन डेसिबलनी खाली. कानाला टोचत असेल तर 3 किलोहर्ट्झच्या आसपास. दोन्ही टोकं वर आणि मधला भाग खाली, ही सगळ्यांची आवडती रचना पाच मिनिटं छान वाटते, पण गायकाचा गळा त्या मधल्याच भागात असतो! रात्री हळू आवाजात ऐकताना मात्र बेस थोडा वाढवायला हरकत नाही. कमी आवाजात आपल्या कानालाच खालचे सूर कमी ऐकू येतात.

इतकं करूनही बेस अगदीच पातळ वाटला तर मागे जाऊन तारा बघा. एकाच स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट बसल्या असतील, तर दोन्ही स्पीकर एकमेकांचा बेस खातात.