मला गाडी लागते

परवा शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो नेहमीचा फॉरवर्ड आला, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणारा मुलगा आणि खाली ‘परिस्थितीचे चटके बसल्याशिवाय माणूस घडत नाही’. आमची बॅच लालबाग-परळची, निम्म्यांचे वडील गिरणीत, त्यामुळे धडाधड अंगठे पडले. मीपण एक टाकला असता, पण नेमका त्याच आठवड्यात मी आर्थिक मंदीचा मुलांवर काय परिणाम होतो हे मुलांनाच सोबत घेऊन कसं शोधतात त्याबद्दल वाचत होतो, आणि डोक्यात १९८२ ची सहल घोळत होती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, साधारण अडीच लाख कामगार बाहेर. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शाळेची सहल होती, कार्ल्याची लेणी आणि लोणावळा, वर्गणी २५ रुपये. मी सहावीत. घरी आलो तेव्हा आई पापड लाटत होती, वाण्याच्या उधारीची वही पोळपाटाशेजारी पडलेली, बाबा गावी भात झोडायला गेलेले. मी चिठ्ठी पुढे केली आणि ती काही बोलायच्या आत म्हणालो, मला नाही जायचं, मला गाडी लागते. आता खरं सांगायचं तर दर मे महिन्यात आम्ही एसटीच्या लाल डब्यातून कशेडी घाट ओलांडून गावाला जायचो आणि मी अख्खा घाट खिडकीला नाक लावून चिवडा खात बसायचो. आई ‘बरं’ म्हणाली आणि पुढचा पापड घेतला.

समजा त्या आठवड्यात कोणी सर्व्हेवाला आमच्या खोलीत आला असता आणि त्याने विचारलं असतं की तुमचा मुलगा सहलीला जातो का, तर आईने सांगितलं असतं की नाही, त्याला गाडी लागते. मला विचारलं असतं तर मीपण तेच. कागदावर आमच्या घरात सहलीच्या बाबतीत काहीच अडचण नाही! लहान मुलांच्या गरिबीचं मोजमाप नेमकं इथेच गंडतं, आणि हे सुधारायला लोकांनी जे उपाय केलेत ते मला भयंकर आवडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्रिटनमध्ये पीटर टाउनसेंड नावाचा समाजशास्त्रज्ञ होता. त्याने १९६०च्या दशकाच्या शेवटी मोठा सर्व्हे केला, पुस्तक आलं १९७९ ला. त्याचं म्हणणं असं की नुसता पगार विचारून गरिबी कळत नाही, घरात काय नाहीये ते विचारा, फ्रिज आहे का, मटण आठवड्यातून किती वेळा, मुलाचा वाढदिवस करता का. त्यावर टीका झाली की अरे, एखादा शाकाहारी असेल तर? मटण न खाणारा प्रत्येक माणूस गरीब कसा? आपल्याला हे पटकन कळेल कारण आपल्याकडे एकादशी आहे. उपास करणारा आणि उपाशी राहिलेला, पोट दोघांचंही रिकामंच, पण गोष्ट एक नाही. अमर्त्य सेन यांनी हाच फरक अर्थशास्त्रात पक्का करून ठेवलाय.

मग १९८३ साली जोआना मॅक आणि स्टुअर्ट लॅन्सली यांनी ब्रिटनमधल्याच सर्व्हेत एक साधी युक्ती केली. प्रत्येक वस्तूला दोनऐवजी तीन उत्तरं ठेवली. आहे. नाही, कारण परवडत नाही. नाही, आणि नकोच आहे. यातलं मधलं उत्तर देणाराच वंचित धरायचा, तिसरा सोडून द्यायचा. झालं, उपास आणि उपाशी वेगळे झाले. जगभर आजही वंचितता मोजायला ही तीन रकान्यांची पद्धत वापरतात.

मोठ्यांसाठी ती बऱ्यापैकी चालते. मुलांपाशी आली की अडखळते, कारण मुलं ‘परवडत नाही’च्या जागी ‘नको’ म्हणतात. टेस रिज या संशोधिकेने सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरांतल्या ४० मुलांशी सविस्तर बोलून २००२ मध्ये हे मांडलं की मुलं आईबापांना जपतात, मागायचंच टाळतात, शाळेची चिठ्ठी दप्तरातच ठेवून देतात. म्हणजे जी टंचाई सगळ्यात जास्त बोचते तीच तिसऱ्या, ‘नकोच’च्या रकान्यात जाऊन लपते.

आता यावर काय करायचं? एक मार्ग म्हणजे यादीच मुलांना करायला लावायची. २००८ ची मंदी येऊन गेल्यावर ब्रिटनमधल्या द चिल्ड्रन्स सोसायटी या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी गिल मेन आणि लॅरी पोपल यांनी तसं केलं, अहवाल २०११ चा. आधी मुलांच्या गटांशी गप्पा मारल्या की तुमच्या वयाच्या मुलाला ठीकठाक जगायला काय काय लागतं, त्यातून आलेल्या वस्तू गाळून १० ठेवल्या. यादीत थोडा खिशातला पैसा आहे, दर महिन्याला थोडं साठवता येणं आहे, चारचौघांत मिसळता येईल असे कपडे, ब्रँडेड बूट, आयपॉड, केबल टीव्ही, घरच्यांबरोबर कुठेतरी फिरणं वगैरे. वाचल्यावर कोणीही काका म्हणेल, ही काय गरज आहे होय? लाड आहेत! पण गंमत अशी की मुलांना स्वतःचं आयुष्य कसं वाटतं याचा अंदाज या ‘लाडांच्या’ यादीवरून जेवढा आला तेवढा घरच्या उत्पन्नावरून येत नव्हता.

अशा यादीतल्या वस्तू मिळून खरंच एकच काहीतरी मोजतात का, ते कळायला थोडं गणित लागेल. पाच मिनिटं दम धरा, नाहीतर पुढचा परिच्छेद सोडा, चालेल.

प्रत्येक वस्तूला ‘हवी पण नाही’ म्हणजे १ आणि ‘आहे’ किंवा ‘नकोच’ म्हणजे ० असे गुण द्या. १ गुण मिळालेल्या मुलांचं प्रमाण प असेल तर त्या वस्तूचं विचरण, म्हणजे मुलामुलांच्या गुणांत किती फरक पडतो त्याचं माप, येतं प गुणिले (१ वजा प). चप्पल सगळ्यांकडेच असेल तर प शून्य, विचरणही शून्य, म्हणजे तो प्रश्न विचारून काही कळलंच नाही. निम्म्यांकडे असेल आणि निम्म्यांकडे नसेल तर विचरण ०.२५, यापेक्षा जास्त होऊच शकत नाही, म्हणजे अशी वस्तू सर्वात जास्त सांगते. आता अशा १० वस्तू घ्या. दहांच्या विचरणांची बेरीज २.५. वस्तूंचा एकमेकींशी काही संबंधच नसेल, म्हणजे बूट नसलेल्याकडे सहल असेलही नसेलही, तर मुलांच्या एकूण गुणांचं विचरणही २.५ च येतं. पण समजा वस्तू हातात हात घालून जातात, एक नाही तर दहाही नाहीत, तर प्रत्येक मुलाचे गुण एकतर ० किंवा १०, आणि एकूण विचरण थेट २५. ली क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेला अल्फा नावाचा आकडा हेच बघतो, १ मधून (बेरीज भागिले एकूण) वजा करायचं आणि दहा वस्तूंसाठी १०/९ ने गुणायचं. पहिल्या केसमध्ये अल्फा ०, दुसऱ्यात बरोबर १. खरी यादी कुठेतरी मध्ये येते, आणि अल्फा चांगला असेल तर म्हणायचं की या दहा वस्तू मिळून एकच काहीतरी मोजतायत.

आता ‘नको’ म्हणणारा मुलगा यात काय घोळ घालतो बघा. त्याच्याकडे बूट नाही, खिशात पैसे नाहीत, कपडे भावाचे, पण सहलीच्या पुढे त्याने ‘नकोच’वर टिक केलीय, म्हणजे तिथे शून्य. अशी दहा-वीस पोरं झाली की सहल बाकीच्या वस्तूंबरोबर चालेनाशी होते, अल्फा, म्हणजे वस्तू एकमेकींशी किती जुळतात तो आकडा, घसरतो, आणि ऑफिसात बसलेला आकडेतज्ज्ञ म्हणतो की सहल ही वस्तू कामाची नाही, काढा यादीतून. जिथे सगळ्यात जास्त दुखतंय तोच प्रश्न बाद! कॉम्प्युटरला यातलं काही कळत नाही. शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मुलीला मात्र लगेच कळतं की हा खोटं बोलतोय.

म्हणून मुलांना उत्तरं देण्यापुरतं न बोलावता प्रश्न ठरवायला बोलवायचं. ब्रिटनमध्ये २०१३-१४ ला गरिबीवर मुलांचा एक आयोग बसला होता, १० ते १९ वर्षांची मुलंमुलीच आयुक्त, मदतीला तीच चिल्ड्रन्स सोसायटी. त्यांनी साक्षी घेतल्या, आणि हात घातला कशाला, तर शाळेच्याच खर्चाला. फुकट म्हणवणाऱ्या शाळेपायी मुलामागे वर्षाला सरासरी ८०० पौंड जातात हे त्यातून समोर आलं, युनिफॉर्म, जेवण, सहली. त्याच सुमारास युनिसेफने श्रीमंत ४१ देशांचा हिशोब काढला होता की २००८ नंतर गरिबीतून बाहेर पडलेल्या मुलांपेक्षा गरिबीत गेलेली मुलं २६ लाखांनी जास्त आहेत, ग्रीसमध्ये तर २००८ ते २०१२ मध्ये प्रमाण २३ टक्क्यांवरून ४०.५ वर गेलं. तो आकडा महत्त्वाचाच आहे, पण शाळेचा युनिफॉर्म एकाच महागड्या दुकानातून घ्यावा लागण्यातली मेख त्या आकड्यात दिसत नाही.

आणि हे एकदा करून भागत नाही. २०११ च्या यादीतला आयपॉड आज कोणाला पाहिजे? मुलांच्या जगात वस्तूंची किंमत चारपाच वर्षांत बदलते, म्हणजे दर वेळी नव्या पोरांना विचारायला लागणार.

आता उगाच हुरळून पण जाऊ नये. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी काढली, त्यातल्या खालच्या तीन पायऱ्या त्यांनी सहभागात धरल्याच नाहीत. मुलांना वापरून घेणं, मुलांना सजावट म्हणून उभं करणं आणि नावापुरतं बोलावणं. आपल्याकडे पाहुणे येणार म्हटलं की उन्हात लेझीम खेळत उभी केलेली पोरं आठवा, ती दुसरी पायरी. शिवाय समवयस्काने मुलाखत घेण्यात धोकाही आहे. चाळीत एकाने दुसऱ्याला विचारलं ‘रात्री जेवलास का’, तर उत्तर संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांवर पोचतं. म्हणून थेट न विचारता आडून विचारायला शिकवतात, की तुमच्या वर्गातली मुलं सहलीला का येत नसतील बरं? मग समोरचा दुसऱ्याचं नाव न घेता स्वतःचंच सांगून जातो.

मुंबईतही अशी कामं झालीत. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी सुरू केलेल्या पुकार संस्थेची युथ फेलोशिप २००५ पासूनची, तिथे वस्त्यांमधली तरुण मुलं गट करून वर्षभर आपल्याच जगण्यातल्या एका प्रश्नावर संशोधन करायची, त्यांना ‘बेअरफूट रिसर्चर’ म्हणतात, अनवाणी संशोधक. संशोधन करणं हा सगळ्यांचा हक्क आहे असं अप्पादुराई म्हणतात. कोविडनंतर अशी पोरं घरोघर असायला पाहिजे होती. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ नावाच्या शिक्षणाच्या सर्व्हेप्रमाणे ग्रामीण भारतात खासगी शाळेतल्या मुलांचं प्रमाण २०१८ मध्ये ३२.५ टक्के होतं ते २०२१ मध्ये २४.४ वर आलं, आणि त्याच काळात शिकवणी लावणारे २८.६ वरून ३९.२ टक्के झाले. शाळा बदललेल्या त्या मुलांनी जुन्या मित्रांना काय कारण सांगितलं असेल? माझी पैज आहे, ‘ती शाळा लांब पडायची’.

आता तो ‘चटके बसल्याशिवाय’वाला फॉरवर्ड. अमेरिकेत १९२९ च्या महामंदीत वाढलेल्या मुलांचा पाठपुरावा झाला, ग्लेन एल्डर यांचं त्यावरचं पुस्तक १९७४ ला आलं. घराचं उत्पन्न एक तृतीयांशाहून जास्त घसरलेल्या घरांतली, १९२०-२१ ला जन्मलेली मुलं पुढे खरंच बरीच सावरली. पण १९२८-२९ ला जन्मलेल्या, म्हणजे मंदी आली तेव्हा अगदी तान्ह्या असलेल्या मुलग्यांना ती जास्त भोवली. म्हणजे चटका कोणत्या वयात बसला, घरात तेव्हा काय चाललं होतं, यावर सगळं. दिव्याखालच्या मुलाचा फोटो निघतो, अंधारात राहिलेल्यांचा कोण काढणार!

यावरून आठवलं, माझी धाकटी बहीण संप सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी जन्मली आणि चाळीतल्या दोन बायकांनी तिला ‘पांढऱ्या पायाची’ ठरवून टाकलं. संप जानेवारीत, पोर मार्चमध्ये. पायगुण मागच्या तारखेपासून लागू होतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

हे सगळं वाचून झाल्यावर गेल्या रविवारी मी आईला विचारलं, सहावीतली ती कार्ल्याची सहल आठवते का गं. ती मेथी निवडत होती, आता ब्याऐंशीची आहे.

“तू नव्हता गेलास,” ती म्हणाली, मान वर न करता. “तुला गाडी लागायची ना.”

मी हो म्हणालो. पुढच्या आठवड्यात गावाला जायचंय, तर निघताना पिशवीत आवळासुपारीची पुडी टाकायला विसरू नको असं तिने मला दोनदा सांगितलं.