बलूनआधीच्या गोळ्या: हृदयात गुठळी असताना डॉक्टर थांबायला का सांगतात

मिट्रल झडपेचा (हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामधली झडप) बलून करायचा, म्हणजे अरुंद झालेली झडप फुग्याने उघडायची म्हणून घरचे सुट्टी काढून, पिशव्या भरून पेशंटला घेऊन हॉस्पिटलात पोचतात आणि घशातून नळी घालून इको केल्यावर डॉक्टर म्हणतात, डाव्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी दिसतेय, आता बलून नको, दोन-तीन महिने गोळ्या घ्या मग परत बघू. घरच्यांना वाटतं टाळाटाळ चाललीय. पण हे थांबणं म्हणजेच त्या वेळचा उपचार असतो, आणि हे कोणीतरी नीट बसून समजावून सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

लहानपणी स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा धरतो, त्यातून काही मुलांना ऱ्हुमॅटिक ताप येतो आणि पुढे वर्षानुवर्षं ही झडप जाड होत, कडांना चिकटत जाते. बायकांमध्ये हे जास्त दिसतं. चांगली झडप उघडली की ४ ते ६ चौरस सेंटीमीटर वाट असते, ती दीडवर किंवा त्याखाली आली की आजार गंभीर. आपल्याकडे गोव्यात खाजनातली, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतली मानस (पाण्याची दारं) ज्यांनी बघितलीय त्यांना पुढचं लगेच कळेल, ओहोटीला दारं उघडून आतलं पाणी नदीत जायला हवं, पण दारंच अडकली तर पाणी आत साचतं आणि गाळ बसतो. डाव्या वरच्या कप्प्यात रक्त असंच रेंगाळतं, कप्पा फुगतो, ठोके वेडेवाकडे पडायला लागतात आणि कप्प्याच्या कडेला अपेंडेज नावाची जी बोटासारखी पिशवी असते तिच्यात गुठळी धरते. छातीवरून केलेल्या इकोत ती बऱ्याचदा दिसतच नाही, अन्ननलिका त्या कप्प्याला मागून चिकटून असते म्हणून घशातून जावं लागतं.

बलूनची ही पद्धत जपानचे डॉक्टर कांजी इनोऊए यांनी १९८२ मध्ये पहिल्यांदा केली. जांघेतल्या शिरेतून नळी वर नेतात, वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला सुईने भोक पाडून डावीकडे जातात आणि फुगा झडपेत फुगवतात. आता हे सगळं गुठळीच्या शेजारी चाललेलं असतं, नळीचा धक्का लागून तुकडा सुटला तर तो थेट मेंदूत जाऊ शकतो. बलून करायला आलेला माणूस लकवा होऊन घरी जाणं, हाच तो धोका.

गोळी, म्हणजे असिट्रॉम किंवा वॉरफरिन, गुठळी विरघळवत नाही. लिव्हर व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवणारे जे घटक बनवतं ते ती कमी करते, त्यामुळे गुठळी वाढत नाही, आणि असलेली गुठळी शरीर स्वतः हळूहळू पोखरतं. म्हणूनच महिने लागतात. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, साधारण २ ते ३ मध्ये ठेवायचा. आज २.५ आला आणि पुढच्या वेळी १.४, तर मधले दिवस जवळजवळ फुकट गेले. श्रावणात इथे तायकिळो (टाकळा), तांबडी भाजी, शेवग्याचा पाला रोज ताटात येतो आणि त्यातल्या व्हिटॅमिन केमुळे आयएनआर खाली घसरू शकतो. भाजी बंद करायची गरज नाही हो, फक्त रोज साधारण तेवढीच खा आणि बदल झाला तर डॉक्टरांना सांगा. गोळी संध्याकाळी घ्यायला सांगतात कारण सकाळच्या रिपोर्टवर त्याच दिवशी डोस बदलता येतो. गुडघे दुखतात म्हणून फार्मसीतून स्वतःच पेनकिलर घेऊ नका, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दिवस राहिले असतील किंवा तशी शंका असेल तर लगेच सांगा, गर्भाला या गोळीचा धोका असतो.

बरेच जण विचारतात, टेस्टची कटकट नसलेल्या नव्या गोळ्या का देत नाहीत? २०२२ मध्ये आलेल्या इन्व्हिक्टस अभ्यासात ऱ्हुमॅटिक झडप आणि अनियमित ठोके असलेले साडेचार हजारांच्या आसपास पेशंट होते, त्यात रिव्हारोक्सॅबान या नव्या गोळीपेक्षा जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले. म्हणून इथे जुनीच.

मुदत संपल्यावर परत घशातून इको. गुठळी गेली असेल तर बलूनची तारीख मिळते, नसेल तर गोळ्या आणखी चालू ठेवतात किंवा ऑपरेशन करून गुठळी काढून झडपेचं कामही त्याच वेळी उरकतात. आणि ठोके अनियमितच असतील तर बलून छान झाला तरी गोळी चालूच राहते.