जुन्या पॅरिश नोंदींची तारीख ‘दुरुस्त’ करून पाठवू नका

सून किंवा जावई इंग्लिश आहे, नातवंडांना ती बाजूही कळावी, म्हणून इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्याच्या चर्चमधल्या, म्हणजेच पॅरिशच्या, नोंदी शोधायला आपण आमच्याकडे येता. एक प्रश्न इतक्यांदा येतो की शेवटी छापूनच टाकला: “लग्न मे १७०२ चं, मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७०२ चा. मूल आधी झालं की काय?”

नाही हो. १७५१ पर्यंत इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं. आपला शक पाडव्याला बदलतो. चैत्र आधी, फाल्गुन त्याच शकाच्या शेवटी. तसाच हा फेब्रुवारी मे महिन्यानंतर नऊ महिन्यांनी येतो. बाळ अगदी वेळेवर आलंय. १ जानेवारीपासूनचं वर्ष १७५२ पासूनचं.

आणखी एक उदाहरण. डर्बीशरमधल्या ईम गावात प्लेगचा पहिला बळी जॉर्ज व्हिकर्स, सप्टेंबर १६६५ मध्ये गेला. जुन्या हिशेबात ‘फेब्रुवारी १६६५’ चं दफन दिसलं, की वाटतं हा साथीच्या आधीच गेला. खरं तर तो आपला फेब्रुवारी १६६६, साथ गावात असतानाचा.

आता आमची अडचण. एकांनी हे वाचून स्वतःच १७०२ चं १७०३ केलं आणि कळवलं नाही. आम्ही ते जुन्या पद्धतीचं समजून १७०४ धरलं. दोन वर्षांची पानं उलटून झाल्यावर घोटाळा लक्षात आला. तेव्हा नोंदीत जसं आहे तसंच लिहा. १७०२/३ अशी तिरकी रेघ (जुन्या हिशेबाने १७०२, आपल्या १७०३) असेल तर तीही. फोटो पाठवलात तर उत्तमच, पण अख्ख्या पानाचा. वर्ष बऱ्याचदा एकदाच, वरती लिहिलेलं असतं आणि नेमकं तेच कापलं जातं.

“ऑनलाइन फुकट मिळतं की!” मिळतं, पण ती सूची. ती करणाऱ्यांनी वर्ष कुठे बदललेलं असतं, कुठे नाही. आम्ही मूळ पान वाचतो, आणि १५९८ पासून बिशपकडे दरवर्षी नोंदींची जी नक्कल जायची ती टिकली असेल तर तिच्याशी ताडून पाहतो. म्हणून पैसे तासावर, नाव सापडो न सापडो.

१८१३ नंतरच्या छापील नोंदवह्यांत बाप्तिस्म्याला बापाचा धंदाही असतो. जुलै १८३७ पासून तर सरकारी जन्ममृत्यू नोंद आहे. तेवढं तुमचं तुम्हालाही जमेल. त्यामागे जायचं असेल तर पहिलं एक पान आम्ही विनामूल्य वाचून देतो.