माळ लांबली म्हणजे कावीळ उतरली?

"आमच्या घरात कुणाला कावीळ नाही, मग एका दिसाच्या लेकराला काविळीच्या लशीची सुई कशापायी?" परभणीकडं बाळंतिणीच्या खाटेपाशी हे हमखास ऐकू येतं. झालीच कावीळ, तर काड्यांची माळ घालणारा आहेच!

माळेचं आधी सांगतो. ओल्या काड्या सुकून आकसतात, दोऱ्याच्या गाठी सैल होतात, माळ लांबते. खुंटीला अडकवा, तिथंही लांबेल. दूषित पाण्यातून होणारी 'अ' किंवा 'ई' कावीळ बहुतेकदा आपोआप बरी होते. श्रेय माळेला जातं.

'ब' काविळीचं, म्हणजे हिपॅटायटिस बीचं, तसं नाही. ती रक्तातून, लैंगिक संबंधांतून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होते. आईचे डोळे पांढरेशुभ्र असले तरी विषाणू अंगात असू शकतो. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरात पाचांहून कमी जणांत तो ठाण मांडतो. नवजात बाळांत सुमारे नव्वदांत. पुढं लिव्हर सिरॉसिस (यकृत निबर होणं), यकृताचा कॅन्सर. म्हणून 'ब'च्या लशीचा पहिला डोस जन्मापासून २४ तासांच्या आत, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लशीतून.

तैवाननं १९८४ मध्ये ही लस सुरू केली. तिथं मुलांमधला यकृताचा कॅन्सर ठळकपणे घटला. आपल्याकडं २०११ पासून ती देशभर, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.