दोन मिर्झा, एकच अध्यासन

रशियातल्या प्राच्यविद्येबद्दल वाचताना ‘पीटर्सबर्गचे अझरबैजानी प्राध्यापक मिर्झा’ असा उल्लेख आला, की आधी साल बघावं. कारण असे मिर्झा दोन होते: मिर्झा जाफर तोपचीबाशेव (१७९०–१८६९) आणि मिर्झा काझिम-बेक (१८०२–१८७०). दोघांनीही पीटर्सबर्ग विद्यापीठात फारसी शिकवली. दोघंही लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीचे सदस्य. १८४९ मध्ये जाफर अध्यासनावरून उतरले आणि त्याच साली काझिम-बेक व्होल्गाकाठच्या कझान शहरातून तिथे आले. एकाचं श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं ते इथेच.

नाव जास्त गाजलं ते काझिम-बेक यांचं. वडील कॅस्पियनकाठच्या दरबंदचे काझी, आणि मुलगा १८२३ मध्ये अस्त्राखानला स्कॉटिश मिशनऱ्यांकडून ख्रिस्ती झाला! तोही रशियाच्या राजमान्य ऑर्थोडॉक्स पंथाचा नव्हे, तर प्रेस्बिटेरियन, म्हणजे स्कॉटलंडमधल्या प्रोटेस्टंट पंथाचा. सरकारला हे कसं रुचावं? तातार भाषा शिकवायला म्हणून त्यांची रवानगी सैबेरियात ओम्स्कला झाली. वाटेत १८२६ मध्ये ते कझानला आजारी पडले, तिथेच राहिले आणि विद्यापीठात शिकवू लागले. त्यांचं तुर्की-तातार भाषेचं व्याकरण १८३९ मध्ये आलं. उस्मानी तुर्की, तातार आणि स्वतःची अझरबैजानी यांची रूपं त्यात शेजारी-शेजारी ठेवून तपासली आहेत. त्याला रशियन विज्ञान अकादमीचा देमिदोव पुरस्कार मिळाला आणि १८४८ मध्ये जर्मन भाषांतरही झालं. १८४४ साली तरुण टॉलस्टॉयने प्रवेश घेतला तो कझानच्या याच प्राच्य शाखेत. वर्षभरात तो कायद्याकडे वळला, ती गोष्ट वेगळी. पुढे १८५५ मध्ये पीटर्सबर्गला प्राच्यभाषांची स्वतंत्र विद्याशाखा निघाली आणि काझिम-बेक तिचे पहिले अधिष्ठाता झाले. इराणात एकोणिसाव्या शतकात उगम पावलेल्या बाबी पंथावरचा त्यांचा ग्रंथ १८६५ चा.

जाफर यांच्या नावावर असं भरघोस छापील काम नाही, म्हणून चरित्रकोशांत त्यांची चार ओळींत बोळवण होते. मला हा अन्याय वाटतो. परराष्ट्र खात्याच्या आशियाई विभागात नोकरी आणि विद्यापीठात फारसीचे वर्ग, हे दोन्ही त्यांनी सांभाळलं. काझिम-बेक यायच्या कितीतरी आधीपासून राजधानीतले विद्यार्थी फारसी शिकत होते ते त्यांच्याकडे.

पोलिश कवी मिकिएविच यांची सुनीतं १८२६ मध्ये मॉस्कोत छापली गेली. त्या पुस्तकात क्रिमियावरच्या एका सुनीताचा फारसी अनुवादही आहे. तो जाफर यांचा. त्या वर्षी काझिम-बेक पीटर्सबर्गपासून कोसो दूर कझानला होते.