'पॉसिबल' आणि 'प्रॉबेबल': दोन्हींना आपण 'शक्यता'च म्हणतो

मार्चमधली गोष्ट. वाळवा तालुक्यात मामांच्या घरापुढं शिजवलेली हळद वाळत पसरली होती. सहा उन्हं लागली होती, अजून आठवडाभर लागणार होती. दुपारी माझ्या फोनवर हवामानाचं इंग्रजी पत्रक आलं, त्यात आमच्या भागासाठी वादळी पाऊस 'व्हेरी लाइकली' असं लिहिलेलं. मी लगेच मामांना फोन लावला. म्हटलं, "मामा, पावसाची शक्यता आहे."

"शक्यता व्हय? ती काय रोजच असती की," मामा म्हणाले.

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मार्च-एप्रिलात वळवाची शक्यता नाही असा दिवस कुठला? रात्री दीडच्या सुमाराला पाऊस आला. ताडपत्र्या शोधून पसरेपर्यंत निम्मी हळद भिजली होती. भिजलेली हळद काळपट पडते, आणि सांगलीच्या सौद्यात व्यापारी मूठभर हळद हातात घेऊन आधी रंगच बघतो.

पत्रक बरोबर होतं, चूक माझ्या भाषांतराची होती: 'लाइकली' हा 'प्रॉबेबल'च्या बाजूचा शब्द, आणि मी तो 'पॉसिबल'सारखा सांगितला. मी सांगलीत इंग्रजी शिकवतो, म्हणून ती मला जास्त लागली. तेव्हापासून वर्गात या दोन शब्दांना मी घाई करत नाही.

एखादी गोष्ट घडायला आडकाठी नाही, एवढंच 'पॉसिबल' सांगतो. दार उघडं आहे, पण कुणी आत येणार का, यावर तो शब्द काहीच बोलत नाही. 'प्रॉबेबल' मात्र तराजू हातात घेतो. हाताशी असलेल्या खुणा बघितल्या तर 'घडेल'चं पारडं 'घडणार नाही'पेक्षा जड आहे, असं तो सांगतो. दोघांची मुळंही हेच सांगतात. 'पॉसिबल' लॅटिनमधल्या 'पोसे' या धातूकडून आला, त्याचा अर्थ 'शकणे'. 'प्रॉबेबल' आला 'प्रोबारे'पासून, म्हणजे पारखणे, सिद्ध करणे. इंग्रजीतला 'प्रूव्ह' त्याच घरातला. म्हणून प्रॉबेबल म्हणणाऱ्याला 'कशावरून?' असं विचारता येतं, आणि त्याच्याकडं उत्तर असायला हवं. डिसेंबरात निरभ्र आभाळाखाली सांगलीत पाऊस पॉसिबल असतो. जुलैत ढग खाली आलेत, वारं पडलंय, कोयनेच्या पाणलोटात दोन दिवस झड लागलीय, अशा वेळी तो प्रॉबेबल.

मुलांना हे समजावताना मी दोन्ही शब्द नकारात टाकायला सांगतो. 'नॉट पॉसिबल' म्हटलं की दार बंद, विषय संपला. 'नॉट प्रॉबेबल' म्हटलं तर दार उघडंच राहतं, फक्त कुणी येईल अशी चिन्हं नाहीत. 'इम्पॉसिबल' आणि 'इम्प्रॉबेबल' यांच्यातलं अंतर तेच. आपण तर 'अशक्य' हा शब्द इतका सैल करून ठेवलाय की गणपतीपेठेतल्या गर्दीलाही 'अशक्य गर्दी' म्हणतो. मग खरोखर न घडू शकणाऱ्या गोष्टीसाठी शब्द शोधावा लागतो.

या दुसऱ्या जोडीची किंमत सांगलीनं मोजली आहे. 2005 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 54 फुटांच्या आसपास गेली होती. इथं इशारा पातळी 40 फुटांची आणि धोका पातळी 45 ची. भिंतींवर त्या पुराच्या खुणा राहिल्या आणि आमच्या गल्लीत तीच शेवटची रेघ मानली गेली. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही कपाटातलं सामान, धान्याची पोती, मुलांची पुस्तकं त्या खुणेच्या हातभर वर रचली आणि निश्चिंत झालो. पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं. 54 च्या वर जाणं तोपर्यंत इम्प्रॉबेबल होतं, कारण तसं कुणी पाहिलं नव्हतं. आम्ही मनात त्याचं इम्पॉसिबल करून टाकलं होतं.

आता व्याकरणाकडं येतो, कारण मुलाखतीत माणूस अडकतो तो इथं. 'मला येणं शक्य नाही' हे मराठी वाक्य डोक्यात धरून मुलं म्हणतात, 'आय अ‍ॅम नॉट पॉसिबल टू कम'. इंग्रजी कानाला ते 'मी माणूसच शक्य नाही' असं काहीतरी लागतं. मराठीत 'मला' म्हणून आपण शक्यतेला स्वतःपासून वेगळं ठेवतो. इंग्रजीत ते काम 'इट' करतो: 'इट इज नॉट पॉसिबल फॉर मी टू कम'. 'प्रॉबेबल'चंही माणसाशी असंच जमत नाही. 'ही इज प्रॉबेबल टू कम' चुकीचं, 'इट इज प्रॉबेबल दॅट ही विल कम' बरोबर, आणि बोलताना सगळ्यात सोपं 'ही विल प्रॉबेबली कम'. माणसाला कर्ता ठेवायचाच असेल तर 'लाइकली' घ्यावा: 'ही इज लाइकली टू कम'.

एका विद्यार्थ्याची गोष्ट इथं सांगायलाच हवी. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यानं त्याला विचारलं, सोमवारी रुजू होता येईल का? त्याचं जवळजवळ ठरलं होतं, फक्त जुन्या ठिकाणचा एक कागद यायचा होता. त्यानं उत्तर पाठवलं, 'पॉसिबली'. वाचणाऱ्यानं त्याचा अर्थ 'बघू, जमलं तर' असा घेतला आणि जागा दुसऱ्याला दिली. 'प्रॉबेबली' लिहिलं असतं तर निदान एक फोन आला असता. आणखी एक जागा सांभाळण्यासारखी: 'आय कान्ट पॉसिबली कम' म्हणजे 'मला येणं अजिबात जमणार नाही'. तिथं पॉसिबली नकाराला नरम करत नाही, उलट ठोकून पक्का करतो.

'मे', 'माइट' आणि 'कॅन'वर थोडक्यात. 'मे' आणि 'माइट' दोन्ही पॉसिबलच्या बाजूचे; 'माइट' जरा दुबळा धरतात, पण रोजच्या बोलण्यात फरक फार उरलेला नाही. घोळ होतो तो 'कॅन'शी, कारण आपलं 'पडू शकतो' दोन्हीकडं चालतं. जूनमध्ये इथं धो धो पाऊस पडू शकतो, हा इथल्या जूनचा स्वभाव झाला, तिथं 'कॅन'. आज संध्याकाळी पडू शकतो, तिथं 'मे'. 'तो घरी असावा' याला मात्र 'मस्ट बी'. तिथं सक्ती नसते, चपला बघून काढलेला अंदाज असतो.

प्रॉबेबलमध्ये वजन आहे हे कळलं, तरी किती वजन हा प्रश्न उरतोच. 1951 मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर विभागानं युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'सीरियस पॉसिबिलिटी' आहे असा अहवाल दिला. तो तयार करणाऱ्यांत शर्मन केंट होते. परराष्ट्र खात्यातल्या एकानं त्यांना विचारलं, म्हणजे नेमकं किती? केंट म्हणाले, शंभरात 65. विचारणारा चकित झाला, कारण त्यानं ते बरंच कमी धरलं होतं. मग केंटनी आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं, तर त्याच शब्दांचा अर्थ कुणाच्या मनात 20 होता, कुणाच्या 80. सगळ्यांनी एकत्र बसून सही केलेला अहवाल होता तो. पुढं 1964 मध्ये केंटनी शब्दांना आकडे बांधून दाखवले आणि 'प्रॉबेबल'ला 75 च्या आसपास जागा दिली. 'पॉसिबल'ला त्यांनी आकडाच दिला नाही. मला ते पटतं. उघड्या दाराला टक्के कसले?

आकडे बांधले तरी प्रत्येकाचा तराजू निराळा असतो. भारतीय हवामान विभागाच्या पत्रकात 'लाइकली' म्हणजे 25 ते 50 टक्के, 'व्हेरी लाइकली' म्हणजे 50 ते 75, 'मोस्ट लाइकली' त्याच्या वर. हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या अहवालात तोच 'लाइकली' 66 टक्क्यांच्या खाली येतच नाही. त्यामुळं शब्द वाचण्याआधी तो कुणाच्या कागदावर आहे हे बघावं लागतं. 'तुरळक ठिकाणी' हेही पुष्कळ जण 'थोडीच शक्यता' असं वाचतात. ते जागेचं माप आहे: त्या भागातल्या फार तर पाव ठिकाणी पाऊस. तुमचं गाव त्या पावात आलं तर पाऊस हलका असेल असं त्यात कुठं म्हटलेलं नाही.

मराठीत शब्दांची वाण आहे म्हणून हे होतं, असंही नाही. 'कदाचित', 'बहुधा', 'बहुतेक' हे चढत्या वजनाचे शब्द आपल्या आज्या सहज वापरायच्या. त्याहून बारीक काम आपला 'ही' करतो. 'पाऊस येईल' आणि 'पाऊस येईलही' यांत एका अक्षराचा फरक, पण दुसऱ्यात नुसतं दार उघडं आहे. तोच आपला पॉसिबल. बातम्यांमधल्या 'शक्यता आहे'नं हे सगळे शब्द एका पोत्यात भरून टाकले, आणि मीही त्या दिवशी तेच पोतं मामांपुढं ओतलं.

यंदा हळद पसरल्यावर पुन्हा तसंच पत्रक आलं. मी मामांना लिहिलं, "मामा, आज रात्री पाऊस बहुतेक येणारच. दहातल्या सहा-सात वेळा येतो, तशातला आहे."

पाच मिनिटांनी उत्तर आलं: "गोळा करतूय."